भिंतीपलीकडचा बंब

आमच्या ह्यांना दोन नोकऱ्या होत्या. एक लोणावळ्याच्या स्टेशनात, मालाच्या ऑफिसात कारकुनाची. दुसरी घराच्या मागच्या पडवीत. तिला पगार नव्हता आणि रजाही नव्हती. पहिलीवर हे वेळेवर जात, दुसरीवर वेळेच्या आधी. सकाळी स्नानसंध्या आटोपली की पडवीतून कानशीची खरखर सुरू व्हायची. मी चहा घेऊन गेले की मान वर न करता म्हणायचे, "तिथं ठेव." तिथं म्हणजे कुठं, हे मला कधी कळलं नाही. खिळे, पत्र्याचे तुकडे, तांब्याच्या नळ्या, पितळेचा कीस आणि मधोमध पायानं चालवायचा लेथ. कप टेकायला बोटभर जागा नसायची. मग मी कप हातात धरून उभी राहायचे आणि चहा निवेपर्यंत मनातल्या मनात त्यांचा उद्धार करायचे. मनातलं मनात फार वेळ ठेवायचा माझा स्वभाव नाही, त्यामुळे त्यातला थोडा बाहेरही पडायचा.

लेथ पुण्याच्या जुन्या बाजारातून आला होता, मालगाडीतून, गवतात गुंडाळून. घरात नवी वस्तू आली की आपण हळदकुंकू लावतो, तसं मी लावायला गेले, तर हे म्हणाले, "सांधा सोडून लाव. कुंकवाचा कण आत गेला तर घासेल." देवसुद्धा एवढे नखरे करत नाहीत.

त्या पडवीत तयार होत होतं ते एक इंजिन. घाटात विजेची इंजिनं येण्याआधी कर्जतहून गाड्या वर ढकलत आणणारी जी काळी अवजड इंजिनं होती, त्यांतलंच एक, पण पाटावर मावेल एवढं. त्याला खेळणं म्हटलेलं ह्यांना खपत नसे. त्यात खरा कोळसा पेटणार होता, खरं पाणी उकळणार होतं आणि खऱ्या वाफेनं चाकं फिरणार होती. शेजारीपाजारी म्हणायचे, घाटातली इंजिनं गेली ते ह्यांच्या जिवाला लागलं. मी कुणाला खरं काय ते सांगायला गेले नाही. ती इंजिनं गेली त्याच थंडीत आमचा पहिला मुलगा गेला होता, पाचवी पुजायच्या आत.

माझी आई तेव्हा हयात नव्हती, म्हणून ते बाळंतपण लोणावळ्यालाच झालं. आमच्या घरची रीत अशी, की सोयर फिटेपर्यंत, म्हणजे दहा दिवस, पुरुषमाणसानं बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. त्यामुळे ह्यांनी मुलाला पाहिलंच नाही. ह्यांच्या विधवा आत्या आमच्याकडे असायच्या, घरचा सगळा कारभार त्यांच्या हाती. त्यांनी त्याला दुपट्यात गुंडाळून ह्यांच्या हातांवर ठेवलं. तोंडावरून दुपटं न सारता हे तसेच दोघा शेजाऱ्यांबरोबर ओढ्याकडे गेले. परत आले, अंघोळ केली, आणि त्या दिवसापासून त्या मुलाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात लेथ आला. मला राग यायचा. माझ्याशी बोलायचं सोडून हा माणूस लोखंडाशी बोलतो, याचा राग.

पण रागानं पडवीत जायचं आणि थक्क होऊन परत यायचं, असं माझं होऊ लागलं. एकदा बॉयलरच्या नळ्या बसवायचं काम चाललं होतं. बॉयलर म्हणजे तांब्याच्या जाड पत्र्याचं नळकांडं आणि त्याच्या पोटात बारीक नळ्यांचा जुडगा. नळ्यांमधून जाळ जायचा आणि भोवतीचं पाणी तापायचं. हे म्हणाले, "जरा भाता मारतेस?" मी पदर खोचून बसले. ह्यांनी सांध्याला टाकणखार लावला. लहान मुलांचं तोंड आलं की आपण मधातून लावतो तोच. तो इथं तांब्याला कशाला, मला कळेना. जाळ लागला तसा तो आधी लाहीसारखा फुगला, मग बसला, मग पातळ होऊन काचेसारखा चमकू लागला. तांबं लाल झालं. ह्यांनी सोनाराकडून करून आणलेली डागाची तार सांध्याच्या एकाच बाजूला टेकवली. क्षणभर काहीच झालं नाही. मग तार वितळली आणि धावली. फटीतून आत शिरली, नळीला वळसा घालून गेली आणि जिथं तार टेकलीही नव्हती तिथं, पलीकडच्या बाजूला, जाऊन थांबली. वाटेत चढ होता तर तोही चढली. मी भाता मारायचं विसरले.

"हिला कसं कळलं कुठं जायचं ते?" मी विचारलं.

"सांधा स्वच्छ असला आणि दोन्ही बाजू सारख्या तापल्या, की ती आपोआप जाते," हे म्हणाले.

माणसांचंही असं झालं असतं तर बरं होतं, असं काहीतरी मी बोलून गेले. हे हसले. फार दिवसांनी हसले.

इंजिन पुरं व्हायला वर्षं गेली. चाकं झाली, दांडे झाले, बॉयलर गार पाण्याचा दाब देऊन तपासून झाला, शिट्टीसाठी वाफ सोडायची पितळेची बारीक तोटी, म्हणजे कॉक, झाला. त्या कॉकवर ह्यांचा इतका जीव, की रोज एकदा उघडून मिटून पाहायचे. दसऱ्याला अवजारांची पूजा करून पहिली वाफ धरायची, असं ठरलं. मीही तोवर पुन्हा दिवसांत होते, आणि माझे दिवस दसऱ्याच्या पुढं भरत होते.

पोरगी थांबली नाही. श्रावणातच आली, मला आठवा लागला होता तेव्हा. आठव्यातलं मूल जगत नाही असं बायका म्हणतात, आणि माझ्यासमोर कुणी म्हणालं नाही तरी सगळ्यांच्या तोंडावर तेच लिहिलेलं होतं. सुईण होती तिला आम्ही मावशी म्हणायचो. मूळची मावळातल्या तिकोणा पेठेची, लोणावळ्यात दिलेली. तिनं पोरीला पुसलं, कापसात गुंडाळलं आणि बराच वेळ निरखून पाहिलं.

"वैनी, लय बारीक हाय," ती म्हणाली. "पन नाकाडोळ्यानं पुरी हाय. कायबी कमी न्हाई."

रडणं कसलं, नुसती कुरकुर होती. अंगावर ओढायची ताकद नव्हती. कापसाच्या वातीनं दूध ओठांवर सोडायचं. खोलीत रीतीप्रमाणे शेगडी होती, ओव्याची आणि बाळंतशेपांची धुरी होती. झडीमुळे दार-खिडकी बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी शेगडीजवळ ठेवलेलं मूल श्वास घेता घेता थांबायला लागलं, ओठ निळे पडले. मावशीनं शेगडी बाहेर ढकलली आणि दार उघडलं. ओठांचा रंग परत आला, पण थोड्या वेळात हातपाय गार झाले. कढत पाण्याच्या बाटल्या लावल्या. त्या आधी भाजतील इतक्या गरम, आणि आमच्याकडच्या त्या ओल्या हवेत बघता बघता गार. मला तापानं हुडहुडी भरलेली, त्यामुळे माझ्या अंगाची ऊब कामाची नव्हती. शेवटी मावशीनं तिला पदराखाली उराशी धरली. पण मावशीला स्वतःचं घर होतं, दुसऱ्या गावची बोलावणी होती. ती आठवडेच्या आठवडे अशी बसू शकणार नव्हती. धूर आत घ्यावा तर श्वास जातो, बाहेर ठेवावा तर ऊब जाते. पहिल्या वेळी काय झालं असेल, ते मला तेव्हा उमगलं. मी तोंड भिंतीकडे करून पडून राहिले.

दाराबाहेरून ह्यांचा आवाज आला. "मावशी, तिला काय पाहिजे?"

"ऊब पायजे, भाऊ. आईच्या पोटातल्यावानी. जाळ नगं, धूर नगं. नुसती ऊब, आन ती बी सारखी."

"सारखी म्हणजे कमीजास्त न होणारी?"

"व्हय."

मग हे म्हणाले, "केवढी आहे ती?"

मावशीनं पोरीच्या डोक्यापासून टाचेपर्यंत दोरा धरला, तोडला आणि दाराच्या फटीतून बाहेर दिला. तो दोरा घेऊन हे पडवीत गेले. मला वाटलं, झालं. इथं मुलीच्या जिवाचं काय होतंय, आणि हा माणूस निघाला लोखंडाशी बोलायला.

थोड्या वेळानं करवतीचा आवाज येऊ लागला. आत्याबाई आत आल्या आणि माझ्या उशाशी बसल्या.

"बॉयलर कापतोय तो," त्या म्हणाल्या.

"कुठला?"

"त्याच्याकडं बॉयलर कितीक आहेत?"

त्या झडीत लोणावळ्यात तांब्याच्या नळ्या आणायच्या कुठून? होत्या त्या सगळ्या इंजिनाच्या पोटात होत्या. संध्याकाळपर्यंत ते पोट रिकामं झालं. दुसरी बातमीही आत्याबाईंनीच आणली. माझ्या माहेराहून आलेला तांब्याचा बंब, पुण्याच्या तांबट आळीत आईनं स्वतः उभं राहून घडवून घेतलेला, ज्याला मी चिंचेनं घासून घासून आरशासारखा ठेवला होता, त्याला हे भोक पाडत होते. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. "पाडू दे," मी म्हटलं.

ह्यांची योजना अशी होती. बंब माझ्या खोलीच्या भिंतीबाहेर, पागोळ्यांच्या आत ठेवायचा. जाळ तिथं, धूरही तिथंच. इंजिनाच्या नळ्या एकमेकींना डागून केलेली लांब नळी बंबाच्या वरच्या अंगाला पाडलेल्या भोकातून निघेल, भिंतीतून माझ्या खोलीत येईल, एका खोक्याच्या तळाशी चार वळसे घेईल आणि भिंतीतूनच परत जाऊन बंबाच्या तळाला मिळेल. खोकं म्हणजे मालधक्क्यावरचं चहाचं रिकामं खोकं. वर झाकायला काच हवी, ती ह्यांच्या मॅट्रिकच्या वर्गाच्या तसबिरीतून निघाली.

"पण पाणी फिरवणार कोण?" मी दारापलीकडे विचारलं.

"कुणी नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन वर जातं, निवलेलं जड होऊन खाली येतं. ते फिरत राहील."

माझा विश्वास बसला नाही. ह्यांचा तरी किती होता, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीला पहारीनं दोन भोकं पडली. आतलं काम कुणी करायचं, हा प्रश्नच होता. सोयर होती. आत्याबाईंना जवळचं बारीक दिसत नव्हतं, मावशीच्या उराशी पोरगी होती. राहिले मी. खालच्या भोकातून आधी पाना आला, मग नळीचं टोक, मग ह्यांचा आवाज. "नट आधी हातानं फिरव. मग पान्यानं. जोर करू नको, घट्ट लागला की थांब." अंगात ताप, डोक्याला फडकं, आणि मी चटईवर बसून पाना चालवतेय, हे आत्याबाईंच्या बापजन्मात घडलं नव्हतं. त्यांनी तोंड फिरवून जप सुरू केला.

त्या भोकातून मला ह्यांचा हात दिसत होता, कधी कान दिसायचा. डोळा दिसला नाही. मावशी पोरीला घेऊन भोकाच्या बरोबर समोर बसली होती. जरा वाकून पाहायचा अवकाश होता. पायाला रीत आडवी येत होती, डोळ्याला नव्हती. तरी ह्यांनी पाहिलं नाही.

बंब काठोकाठ भरला, पेटवला. आम्ही वाट पाहत बसलो. बाहेर पाणी सणसणायला लागलं. "गरम झालं का?" बाहेरून विचारणा झाली. मी खोक्यात हात घातला. गार. पुन्हा कोळसा घातला, भाता मारला. पुन्हा हात घातला. गारच. मावशीच्या पदराखालून कुरकुरही येईनाशी झाली होती आणि ती तळहातानं पोरीची पाठ चोळत होती. मला रडू फुटायच्या बेतात होतं, आणि हात रिकामा बसवेना म्हणून मी भिंतीपासून नळीवर बोट फिरवत निघाले. भिंतीशी चटका बसला. वितीभर पुढंही चटका. नळी खोक्याच्या काठावर चढून आत उतरत होती तिथं पोचले, आणि एकदम गार. मधे रेघ ओढल्यासारखं.

मी भोकाशी तोंड नेऊन सांगितलं, "काठापर्यंत कढत आहे. उतरणीला गार."

बाहेर भाता थांबला. "काठावर नळीला कुबड आलंय का?"

"आलंय."

"हवा अडकली आहे तिथं. कुबडावरचा नट अर्धा वळसा सैल कर. फडकं धर, पाणी उडेल."

मी नट सैल केला. फुसफुस झाली, एक बुडबुडा आला, अजून एक, मग फडक्यावर गरम पाणी. मी नट आवळला आणि बोट परत नळीवर ठेवलं. आणि ऊब आली. त्या गारठलेल्या तांब्यातून, माझ्या बोटाखालून, हळूहळू पुढं निघाली. मी बोट सरकवत तिच्याबरोबर गेले. उतरण झाली, पहिला वळसा झाला, दुसरा झाला. ती वाट चुकली नाही, कुठं थांबली नाही. कुणी ढकलत नव्हतं. खोक्याचा तळ फिरून ती शेवटच्या नळीत शिरली आणि भिंतीतून बाहेर गेली. आयुष्यात मी पुष्कळ देवळांत हात जोडले आहेत. पण काहीतरी जिवंत, मोठं, आपल्या बोटाखालून चालत गेलं असं मला त्याआधी कधी जाणवलं नाही आणि त्यानंतरही नाही. बाहेर ह्यांचा हात खालच्या नळीवर असावा. "आलं," एवढंच ते म्हणाले.

मावशी पोरीला खोक्यात ठेवायला लगेच तयार झाली नाही. तिनं आधी आपलं कोपर आत धरलं. "आजून," म्हणाली. थोड्या वेळानं परत धरलं. "आता बास. आता वाढवायचं न्हाई." बाहेर ह्यांनी नळीवरचा कॉक थोडा मिटला. तो शिट्टीचाच कॉक होता. मग मावशीनं पदर सोडला आणि पोरीला कापसासकट आत ठेवली. मी काचेतून पाहत राहिले. किती वेळ गेला सांगता येत नाही, पण आवळून धरलेली तिची मूठ आपोआप उघडली, पाचही बोटं वेगळी झाली, आणि ती झोपली. मी पाहत होते तरी मला ते खरं वाटेना.

त्यानंतर तो बंब विझला नाही. हे ऑफिसात गेले की आत्याबाई कोळसा घालायच्या, पाण्याची पातळी पाहायच्या. बंब कोरडा पडला तर सांध्यांचा डाग सुटेल, हे त्यांना ह्यांनी एकदा सांगितलं, आणि त्या डोळ्यात तेल घालून बसल्या. हे घरी आले की लेथकडे ढुंकूनही पाहत नसत, थेट बंबापाशी. मावशी येताजाता कोपर घालून सांगायची, आणि बाहेर कॉक केसभर फिरायचा.

सोयर फिटली. आत्याबाईंनी स्वतःच सांगितलं, "आता जा आत. बघ पोरीला." हे म्हणाले, "कोळसा आणायचाय," आणि गेले. दुसऱ्या दिवशी राख काढायची होती. तिसऱ्या दिवशी आणखी काही. मी आतून बोलले, "बंबाचं तोंड रोज बघता, पोरीचं बघा की." बाहेर चिमटा वाजला. एरवी मी आणखी चार शब्द ऐकवले असते. पण हा माणूस कशाला भ्यालाय ते मला कळत होतं. न पाहिलेलं मूल त्यानं एकदा हातांवरून नेलं होतं. हिचं तोंड पाहिलं, आणि मग ही गेली, तर ते त्याला झेपणार नव्हतं. मी खिडकीशी बसून ह्यांना रोज सांगू लागले: आज चार वाती जास्त प्यायली. आज शिंकली. आज अंगावर ओढलं. हे "बरं" म्हणायचे आणि कोळसा सारायचे.

भाद्रपदाच्या अखेरीला तिचा आवाज रस्त्यापर्यंत जाऊ लागला. एका सकाळी मावशीनं खोक्यात कोपर घातलं नाही. पोरीला उचलून माझ्या उराशी दिली, थोडा वेळ तशीच ठेवली, तिच्या तळपायांना हात लावून पाहिला.

"वैनी, खोकं काढा आता," ती म्हणाली. "हितनं फुडं तुमचीच ऊब पुरं."

बाहेर बंब विझवला गेला. इतक्या आठवड्यांनी तो सणसणाट थांबला आणि घर एकदम मोकळं वाटलं. मावशीनं पोरीला माझ्याकडून घेतली आणि मला न विचारता सरळ मागच्या दारानं बाहेर गेली. हे पायरीवर बसून राख ओढत होते.

"भाऊ, हात धुवा," मावशी म्हणाली.

ह्यांनी हात धुतले. धोतराला पुसले. मावशीनं पोरगी त्यांच्या हातांवर ठेवली आणि बाजूला झाली. मी दारात येऊन उभी राहिले. हे तिच्याकडे पाहत राहिले, खूप वेळ. मला वाटलं, आता नळीबद्दल किंवा कॉकबद्दल काहीतरी बोलतील. त्यांनी मान वर केली.

"तो एवढाच होता?" त्यांनी विचारलं.

"थोडा मोठा होता," मी म्हटलं. "जावळ दाट होतं. काळंभोर."

त्यांनी मान हलवली आणि परत पोरीकडे पाहू लागले. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी तिच्या दुपट्यावर पडत होतं. मी जवळ जाऊन तिला घ्यायला हात पुढं केले, पण त्यांनी ती दिली नाही.